शब्द टाकायचा राहिला

रूपरावने उभ्या जन्मात एक दिवससुद्धा शाळेत शिकवलं नाही, तरी वडगावात त्याला लहानथोर सगळे सर म्हणत. वर्धा जिल्ह्यात वडगाव नावाची गावं पैशाला पासरी आहेत. हे समुद्रपूरहून आत, जिथं एसटी आली तर आली म्हणायची, ते. रूपराव हे त्याचं पाळण्यातलंच नाव. तिकडं राव नावातच मिळतं, त्यासाठी काही करून दाखवावं लागत नाही. सर मात्र त्याला मिळालं ते त्र्याहत्तर साली, बी.ए. पास झाला तेव्हा. गावातला पहिला बी.ए. हा आता मास्तर होणार यात कुणाला शंका नव्हती, म्हणून लोकांनी जीभ आधीच वळवून घेतली. नोकरी लागल्यावर म्हणायचंच आहे तर आजपासूनच म्हणू, एवढाच त्यातला हिशोब. पुढं नोकरी लागली नाही आणि सर काही सुटलं नाही. कुणी थट्टेनं म्हणत नव्हतं. थट्टेनं म्हटलं असतं तर त्यानं एखाद्याला दोन शिव्या तरी घातल्या असत्या.

त्याचे वडील नत्थूजी. घरचं वावर होतं, बैलजोडी होती, खाण्यापिण्याची ददात नव्हती. गरीब म्हणावं असं ते घर नव्हतंच. थोरल्याला शिकवायचं आणि धाकट्या हरिदासला वावरात घालायचं, हे नत्थूजींनी पोरं लहान असतानाच ठरवून टाकलं होतं. रूपरावला त्यांनी कधी वखराला हात लावू दिला नाही. वर्ध्याला वसतिगृहात ठेवून शिकवलं. शिकून झालं तसा तो पांढरा पायजमा आणि पांढरा शर्ट घालून घरी येऊन बसला. हरिदास उन्हात बैलांमागं डवरा हाकायचा आणि थोरला ओट्यावर कालचा पेपर वाचायचा. दुपारी जेवताना दोघं भाऊ एकमेकांकडं बघायचं टाळत.

नोकरी कुठं लागणार, तेही ठरल्यासारखंच होतं. वर्ध्याचे मधुकरराव एका शिक्षणसंस्थेचे चिटणीस होते. संस्थेनं समुद्रपूरकडं हायस्कूल काढलं तेव्हा ते वर्गणीसाठी गावोगाव फिरले, आणि त्या फिरण्यात वडगावला मुक्काम पडला की नत्थूजींच्याच घरी भाकरी खायचे. नत्थूजींनी एक अख्खा उन्हाळा स्वतःच्या बैलबंडीनं शाळेच्या इमारतीचे दगड वाहिले होते. इमारत उभी राहिली त्या दिवशी मधुकररावांनी चार लोकांसमोर त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "नत्थूजी, कधी काही काम पडलं तर सरळ घरी या." संस्थेच्या कुठल्या शाळेत कोण लागणार, हे या मधुकररावांच्या एका शब्दावर असायचं. तेव्हा बी.एड. नसलं तरी आधी लावून घेत आणि मग सवडीनं करून ये म्हणत. आता काम पडलं होतं आणि घर ठाऊक होतं.

इथं वडगावची रीत सांगायला हवी, कारण सगळं घोडं तिथंच अडलं. काम घेऊन कुणाकडं गेलं तर स्वतःहून काम काढायचं नाही. गडवाभर पाणी प्यायचं, चहा घ्यायचा, पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीवर, पडलेल्या किडीबद्दल बोलायचं. मग घरचा माणूस विचारतो, "काऊन जी, काई काम काढलं का?" पाहुण्यानं म्हणायचं, "नाई जी, असाच आलतो." उठताना घरचा माणूस पुन्हा विचारतो, पुन्हा "नाई जी" म्हणायचं. मग तो पायात वहाणा सरकवून गल्लीच्या तोंडापर्यंत सोबत येतो आणि तिथं थांबून म्हणतो, "सांगा नं जी, मनात ठेवू नोका." तेव्हा कुठं पाहुणा बोलतो. सोयरिकी, वाटण्या, बैलांचे सौदे, वडगावातली सगळी मोठी कामं अशी गल्लीच्या तोंडाशी उभ्या उभ्या झालेली. विचारल्यावर जो बोलला त्यानं सांगितलं, आणि न विचारता जो बोलला त्यानं मागितलं. नत्थूजींनी जन्मात कुणाकडं काही मागितलं नव्हतं आणि गावात त्यांचा मान होता तो त्यावरच.

निकाल लागल्यावर बापलेक वर्ध्याला निघाले. वाटेत जाम गावी गाडी बदलली. नत्थूजींच्या मांडीवर थैली होती आणि थैलीत घरची हळद. त्या पट्ट्यातल्या हळदीचा रंग असा, की थैलीचं कापड गाडीतच पिवळं झालं.

मधुकररावांच्या घराला लोखंडी फाटक होतं, चार पायऱ्या होत्या आणि दिवाणखान्यात वेताच्या खुर्च्या. नत्थूजी खुर्चीच्या काठावर टेकले. सुधाताई, म्हणजे मधुकररावांच्या पत्नी, बाहेर आल्या. त्यांनी थैली घेतली, तोंड उघडून वास घेतला आणि मनापासून म्हणाल्या, "अगबाई, किती सुंदर हळद! कशाला हो एवढी आणलीत?" मागोमाग चहा आला.

"या या नत्थूजी," मधुकरराव आतून येत म्हणाले. "पाऊसपाणी काय म्हणतंय?"

नत्थूजींनी पाऊसपाणी सांगितलं.

"आणि हे चिरंजीव?"

"बी.ए. झाला जी औंदा."

"वा! फार उत्तम. खेड्यातली मुलं शिकायलाच हवीत."

रूपराव खुर्चीत पुढं सरकला. आता विचारतील, आता विचारतील. मधुकररावांनी घड्याळाकडं पाहिलं. कसल्याशा मीटिंगला जायचं होतं. "बरं नत्थूजी, असेच येत चला," ते म्हणाले आणि दिवाणखान्यातच त्यांनी हात जोडले. नत्थूजी पायऱ्या उतरले आणि फाटकापर्यंत सावकाश चालत गेले, मागून कुणी येतंय का याची चाहूल घेत. फाटकाबाहेर थांबून त्यांनी डोक्याचं पागोटं सोडून पुन्हा बांधलं. बांधायला नको होतं, चांगलं बसलेलं होतं. आतून दार लागल्याचा आवाज आला तेव्हा ते म्हणाले, "चाल, गाडी भेटीन."

घरी आई, यशोदाबाई, दारातच उभी होती. "काय मनलं साहेबांनी?"

"बसून आलो. चांगलं बोलले," नत्थूजी म्हणाले.

"कामाचं काय मनलं?"

"पयल्या खेपेले कोन इचारते? इचारतीन."

मग हे सुरूच झालं. हिवाळ्यात तुरीच्या शेंगा, संक्रांतीच्या सुमारास बोरं आणि वाल, कधी जवस, कधी घरचं तूप. वावरातलं जे पहिलं निघेल ते आधी वर्ध्याला आणि मग घरात. सुधाताई थैली कधी रिकामी परत देत नसत. चिवडा घालत, वाचून झालेली मासिकं घालत. माणसं वाईट नव्हती. वाईट असती तर रूपरावला एकदा रागावून मोकळं तरी होता आलं असतं. ती छान वागत, चहा देत, पाऊसपाणी विचारत. विचारायचं तेवढं सोडून सगळं विचारत.

चौऱ्याहत्तर साली सिंदीहून सोयरीक आली. तानबाजींची विमल. तानबाजी तिथल्या एका कापसाच्या अडत्याकडं कामाला होते. बघण्याच्या कार्यक्रमात विमलनं पोह्यांची बशी पुढं केली आणि मान खाली घालून बसण्याऐवजी हळूच विचारलं, "तुमी लय पुस्तकं वाचता मंते?" रूपराव गडबडून म्हणाला, "हाव, वाचतो." एवढंच बोलणं. पण सिंदीहून परतताना त्याला उगीच हसू येत होतं आणि ते बापाला दिसू नये म्हणून तो खिडकीबाहेर बघत होता. तानबाजी म्हणाले होते, "पोरगा आमाले पसंत हाय. नौकरीचं तेवढं होऊ द्या, मंग लग्नाचा बार उडवून देऊ." त्यात काही चूक नव्हती. शेती करणारे जावई सिंदीत पुष्कळ मिळत होते. बी.ए. पाहिला होता तो नोकरीसाठीच.

आता रूपरावच्या जिवाला खरी टांगणी लागली. आधी नोकरी ही बापाची इच्छा होती. आता तिच्यात विमल आली, सिंदीचं ते घर आलं, स्वतःचं असं एक दार आलं. दर खेपेला तो वेताच्या खुर्चीत बसून मधुकररावांच्या ओठांकडं बघायचा.

पंच्याहत्तरच्या उन्हाळ्यात ते दोघं असेच बसले होते. दिवाणखान्यातून आतलं जेवणाचं टेबल दिसायचं. टेबलाशी अच्युत जेवत होता. अच्युत मधुकररावांचा पुतण्या, कॉलेजात रूपरावच्याच वर्गातला. बी.ए.ला एकदा आपटला होता, दुसऱ्यांदा निघाला. मोकळा, हसरा पोरगा. रूपरावला बघून त्यानं आतूनच हाक मारली, "अरे रूपराव, तू? ये ना, आमरस घे."

"नको, जेवून आलो," रूपराव म्हणाला. जेवून आला नव्हता.

मधुकरराव दिवाणखान्यात पेपर चाळत होते. अच्युतनं पोळीचा घास रसात बुडवला आणि म्हणाला, "काका, मला कुठे चिकटवताय की नाही? घरी बाबा रोज कटकट करतात."

मधुकररावांनी पेपरातून मान वर केली नाही. "एक जागा निघते आहे खरी. सोमवारी अर्ज आणून दे."

"अर्ज तुम्हीच लिहा ना, मला कुठे येतंय!"

सगळे हसले. सुधाताई हसल्या, नत्थूजीसुद्धा हसले. सुधाताईंनी विचारलं, "अच्युत, अजून रस वाढू का?" आणि तो विषय तिथंच संपला. रूपरावला आधी कळलंच नाही की हे झालं. तोंडात घास असताना, हातसुद्धा न धुता, या पोरानं एक अख्खं आयुष्य मागून घेतलं होतं, आणि कुणालाही त्यात मागितल्यासारखं काही वाटलं नव्हतं.

जामला गाडीची वाट बघत दोघं झाडाखाली बसले. रूपरावच्या मनात उकळत होतं ते शेवटी बाहेर आलं. "बाबा, त्यानं मांगतलं. एका शब्दात भेटलं त्याले."

"तो त्यायच्या घरचा हाय."

"आपण बी बोललो असतो."

नत्थूजींनी थैली या मांडीवरून त्या मांडीवर घेतली. मग म्हणाले, "तो बोलला तं लाड होते, रूपराव. आपण बोललो तं भीक होते. एवढं समजत नाई, कायचा बी.ए. झाला तू?" आणि लगेच त्यांचा आवाज निवळला. "पण पाह्यलं नं, मानसाच्या मनात आलं तं सोमवारी काम करते. आपला बी सोमवार येईन."

बापाचं खरं होतं, आणि रूपरावचंही खरं होतं, आणि दोन्ही खरं असून हाती काही लागत नव्हतं.

पुढच्या वर्षी तो एकटाच गेला. बापाला सांगितलं, थैली मीच देऊन येतो. खिशात अर्ज घेतला. वाक्य पाठ केलं होतं. साहेब, मला नोकरी पाहिजे. वडगावच्या फाट्यावर गाडीची वाट बघताना आजूबाजूला कुणी नाही असं पाहून त्यानं ते मोठ्यानं म्हणूनही बघितलं. मले नाही, मला. मोठ्यानं म्हटलं तर अगदी सोपं वाक्य होतं.

दिवाणखान्यात दोन-तीन पाहुणे बसले होते, वकील-प्राध्यापक असतील, कपड्यांना इस्त्री होती. मधुकररावांनी रूपरावला बघितलं आणि त्यांचा चेहरा खरोखर फुलला. "हे बघा," ते पाहुण्यांना म्हणाले, "मी सांगतो ना तुम्हाला, ते हे समुद्रपूरकडचे लोक. वडील येतात, मुलगा येतो, घरचं काहीबाही घेऊन येतात. पण इतक्या वर्षांत कधी एका कामाचं नाव काढलं नाही. नाहीतर माझ्या दारी जो येतो तो खिशात अर्ज घालूनच येतो."

"खरी माणसं खेड्यातच उरलीत," पाहुण्यांपैकी एक म्हणाले आणि सगळ्यांनी रूपरावकडं कौतुकानं पाहिलं.

रूपरावनं शर्टाच्या खिशावर हात ठेवला आणि तो तसाच ठेवून चहा डाव्या हातानं प्यायला. त्याला वाटलं, पांढऱ्या शर्टातून अर्जाची घडी सगळ्यांना दिसत असणार. आता बोललो तर हे सगळे हसतील, आणि साहेब हसणार नाहीत, साहेबांचा चेहरा पडेल. तो चेहरा पडलेला बघण्यापेक्षा परत गेलेलं बरं. तो परत आला. जामच्या स्टँडवर त्यानं अर्ज फाडला, आणि मग एकट्यानंच बाकावर बसून तो रडला. लोक येत-जात होते. पांढऱ्या कपड्यातल्या माणसाला कुणी काय झालं म्हणून विचारलं नाही.

तानबाजींनी दोन वर्षं वाट पाहिली. मग स्वतः वडगावला आले, चहा घेतला, पऱ्हाटीबद्दल बोलले, आणि गल्लीच्या तोंडाशी नत्थूजींनी तिसऱ्यांदा विचारल्यावर खाली बघत म्हणाले, "पोट्टीचं वय होऊन राह्यलं जी." विमलचं लग्न वर्ध्याला एका कचेरीतल्या चपराशाशी झालं. पुढं एकदा जामलाच ती दिसली, कडेवर लेकरू घेऊन. तिनं ओळखलं. "कसे हाय सर?" म्हणाली. सिंदीपर्यंत ते सर पोचलं होतं तर. रूपराव "बरा हाय" म्हणाला आणि नसलेली गाडी पकडायला घाईघाईनं दुसरीकडं गेला.

एकोणऐंशीच्या पावसाळ्यात नत्थूजी गेले. ताप आला, उतरला नाही. गावानं त्यांना चांगलं पोचवलं. मागं लोक हेच बोलत होते की या माणसानं कधी कुणापुढं हात पसरला नाही. यशोदाबाई ते ऐकायची आणि तिच्या कपाळावरची शीर उठायची. तेरवी होते न होते तोच तिनं सुरू केलं, "तुह्या बापाच्या तोंडाले कुलूप होतं. त्या मानसासाठी उन्हाळाभर दगडं वाह्यले, अन् पोरासाठी दोन शब्द नाई निंघाले." भाकरी थापताना ती हे म्हणायची, तांदूळ निवडताना म्हणायची. नवऱ्यासाठी ती नीट रडलीही नव्हती. रडण्याच्या जागी तिच्या पोटात हा रागच बसला होता, आणि घरात रोज मेलेल्या माणसाचं भांडण चालायचं.

हरिदास वेगळा निघाला. वाटणीचं वावर आलं तसा रूपरावनं वयाच्या तिशीत वखर धरला. बैल त्याचं ऐकत नसत. ओळ वाकडी जायची. वाकडी गेली म्हणून कुणी हसलं असतं, शिकवलं असतं, तर तो शिकलाही असता. पण शेजारचे लोक पळत येऊन म्हणत, "सर, तुमी सावलीत बसा, आमी करून देतो." दुपारी गडी-बाया झाडाखाली शिदोऱ्या सोडून बसत, एकमेकांची चटणी उचलत, कुणाच्या तरी सासूवरून खिदळत. तो जवळ गेला की सगळे सावरून बसत. त्याची भाकर तो बांधावर बसून खायचा. पानठेल्यावर तो आला की शिवी देणारा जीभ चावायचा. सर म्हणून त्याला गावानं इतकं वर बसवलं होतं की तिथं बोलायला दुसरं कुणी नव्हतं. वर्ध्याच्या दिवाणखान्यात तो खेड्यातला होता आणि खेड्यात तो सर होता. लग्नाचंही मग कुणी काढलं नाही.

पुढं नियम बदलले. बी.एड. आधी हवं झालं, वयाची अट आली, आणि रूपरावचं वय त्या अटीच्या पलीकडं गेलं. तरी वर्षातून एकदा तो थैली घेऊन वर्ध्याला जातच राहिला. कशासाठी, हे त्याला विचारलं असतं तर नीट सांगता आलं नसतं. बापाची वहिवाट होती, ती मोडवत नव्हती. आणि खरं सांगायचं तर त्या घरात कुणी तरी त्याला बस म्हणायचं, एवढ्यासाठीही तो जात असावा.

शहाऐंशीच्या हिवाळ्यात तो गेला तेव्हा फाटक गंजलं होतं. मधुकरराव चिटणीसपदावरून उतरून दोन वर्षं झाली होती. मुलगी लीना लग्न होऊन पुण्याला, घरात दोघंच म्हातारे. मधुकररावांच्या पायाला काही झालं होतं, ते शाल पांघरून वेताच्या खुर्चीत बसले होते. रूपरावला बघून त्यांचे डोळे भरल्यासारखे झाले.

"ये, बस. आता कुणी येत नाही रे," ते म्हणाले. "मी खुर्चीवर होतो तोवर फाटकाबाहेर रांग असायची. प्रत्येकाला काही ना काही हवं होतं. खुर्ची सुटली, रांग गेली. तुम्ही तेवढे आलात. तुम्हाला कधी काही नकोच होतं."

हे वाक्य रूपरावनं निरनिराळ्या रूपांत किती तरी वेळा ऐकलं होतं. आज मात्र ते ऐकताना त्याच्या आत काहीतरी सुटलं. आता गमवायला काही उरलं नव्हतं म्हणून असेल. तो शांतपणे म्हणाला, "साहेब, आमाले बी पायजे होतं."

"काय?"

"मले नौकरी पायजे होती. बाबा त्याच्यासाठीच येत होते. मी बी."

मधुकरराव बघतच राहिले. शाल खांद्यावरून घसरली ती त्यांनी सावरली नाही. "मग बोललात का नाही?"

"तुमी इचारलं काऊन नाई?"

"मला काय ठाऊक? मला वाटलं..." ते थांबले. काय वाटलं होतं ते त्यांना आठवेना, किंवा आठवलं आणि बोलवेना. घरी आलेल्या माणसाच्या मनात काय आहे ते त्यांना खरंच कधी कळलं नसेल का? बी.ए. झालेलं पोरगं समोर येऊन बसतं, वर्षामागून वर्षं बसतं. ज्याला कधी कुणाच्या दारात ताटकळावं लागलं नाही त्याला हे न कळताही सुखानं जगता येतं, एवढंच मी म्हणेन.

"आमच्याकडं घरच्यानं इचारा लागते, साहेब. इचारल्याबिगर बोलत नाईत."

मधुकरराव म्हणाले, "एका शब्दाचं काम होतं रे. त्या वेळी नुसतं एका शब्दाचं काम होतं. अच्युतला लावलं त्याच्याच शेजारी दुसरी जागा होती, ती भरायला मला मनासारखा माणूस मिळत नव्हता." त्यांनी घसरलेली शाल ओढून घेतली. "आता माझ्या हातात काही नाही."

"मी मांगाले नाई आलो," रूपराव म्हणाला. "सांगाले आलो."

सुधाताई चहा घेऊन आल्या आणि दोघांचे चेहरे बघून ट्रे हातात धरूनच उभ्या राहिल्या. रूपरावनं उठून त्यांच्या हातातला कप घेतला, चहा संपवला आणि दोघांना नमस्कार करून निघाला.

गाडीत त्याच्या डोक्यात तेच घोळत राहिलं. दुसरी जागा होती. माणूस मिळत नव्हता. म्हणजे त्या उन्हाळी दुपारी, दिवाणखान्यात, जेवणाच्या टेबलापासून चार हातांवर नत्थूजी खुर्चीच्या काठावर बसून हसत होते तेव्हा ती जागा रिकामी होती. बापानं तोंड उघडलं असतं तर. त्यानं स्वतः उघडलं असतं तर. विमल, लेकरं, शाळेची घंटा, सगळं त्या दुपारी तिथं टेबलाजवळ होतं. त्याला बापाचा राग यावा असं वाटत होतं आणि येत नव्हता. पागोटं सोडून पुन्हा बांधणारा बापच डोळ्यांपुढं येत होता.

तो घरी पोचला तेव्हा दिवेलागण झाली होती. यशोदाबाईला आता कमी दिसायचं. चुलीपुढं बसून ती अंदाजानं भाकरी थापत होती. पावलं ओळखून तिनं नेहमीसारखं विचारलं, "काय मनलं साहेबांनी?"

"माय, आज मी बोललो."

तिचे हात थांबले. "बोलला? काय मनले मंग?"

रूपराव तिच्याजवळ पाटावर बसला. तिच्या कपाळावर ती शीर दिसत होती. पुढचं तो सहज बोलला, अडखळला नाही. "मनले, नौकरी त्यायच्या हातातच नोती. जागा वरून भरत होते. बाबा बोलले असते तरी काई झालं नसतं."

"खरं?"

"खरं. त्यायनंच सांगतलं."

यशोदाबाईनं हाताचं पीठ परातीत झटकलं. मग तिचा चेहरा पिळवटला. "मंग त्यायची चूक नोती," ती म्हणाली. "अन् मी मेल्या मानसाले रोज बोलली रे. रोज बोलली." पदर तोंडाला लावून ती रडायला लागली, नवरा आजच गेल्यासारखी, हाका मारून, त्याचं नाव न घेता जी जी म्हणत. रूपराव तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. भाकर करपायला लागली तेव्हा त्यानं ती तव्यावरून काढली आणि दुसरी टाकली.

जेवताना ती कितीतरी दिवसांनी नत्थूजींच्या चांगल्या गोष्टी सांगत होती, शाळेसाठी दगड वाहायचे त्या उन्हाळ्याच्या. मधूनच म्हणाली, "बरं झालं, तू एक डाव इचारून आला. आता माह्या जिवाले बरं वाटते."

"हाव माय," रूपराव म्हणाला आणि भाकरीचा तुकडा मोडून वरणात बुडवला. एका शब्दाचं काम होतं, हे गावात आता एकट्या त्यालाच ठाऊक होतं.